पगार वाटणाऱ्या कंपनीचे शेअर घेण्याआधी

अगं, सोयाबीनच्या पैशातून टीमलीजचे शेअर घ्यायचं तुझ्या मनात आलंय, तर आधी थोडं ऐक. धंदा तुझ्या ओळखीचाच आहे. सोनपेठ-गंगाखेडची किती पोरं चाकणला, वाळूजला कंत्राटावर आहेत! काम कारखान्यात, पण हजेरी, पगार, पीएफ, ईएसआय सगळं बघते दुसरीच कंपनी. टीमलीज आणि क्वेस ही त्यातली मोठी नावं, दोन्ही 2016 साली शेअर बाजारात आल्या.

उलाढालीच्या आकड्याला भुलू नकोस. 2024-25 मध्ये टीमलीजची उलाढाल 11,000 कोटींच्या वर होती, नफा साधारण 110 कोटी. म्हणजे शंभराला रुपया. बाकीचा बहुतेक पैसा पोरांचा पगार, तो नुसता हातावरून जातो. ऊसतोडीच्या मुकादमाचं बघ ना, उचल लाखांची आणतो, पण त्याचं स्वतःचं काय, तर कमिशन.

इतकंच सुटत असेल, तर एखाद्या मोठ्या गिऱ्हाईकानं पैसे थकवले की काय होईल? पगार तर वेळेवर करावाच लागतो. म्हणून वार्षिक अहवालात येणी बघ. कंपनी आधी पैसे घेऊन मग पगार करते, की पदरचे घालून नंतर मागत फिरते? मला यातली पहिली रीतच भरवशाची वाटते. करातली सवलतही तपास. आयकरात नव्या कामगारांच्या पगारावर तीन वर्षं 30 टक्के वजावट मिळते, तिचा नफ्याला किती टेकू आहे ते कळायला हवं.

भावाचं म्हणशील, तर बाजारात येताना 850 रुपयांना विकलेला टीमलीजचा शेअर 2021 मध्ये 4,000 च्या पुढे गेला आणि 2025 मध्ये 2,000 च्याही खाली आला. एवढी पडझड तुला सोसेल का?

आणि घ्यायच्या आधी अशा कंपनीकडून पगार घेणाऱ्या गावातल्या पोराला त्याचं पीएफचं पासबुक उघडायला सांग. मागच्या महिन्याची रक्कम 15 तारखेपर्यंत भरायची असते. पगारातून कापले आणि भरलेच नाहीत, अशा कंपनीचा नफा आपल्याला नको. तो पैसा कुणाच्या तरी आईच्या दवाखान्याचा असतो गं.

बियाणं-खताचे पैसे आधी बाजूला काढ. उरलेल्यातले थोडेच, पाच वर्षं हात लावावा लागणार नाही एवढेच यात घाल. अहवाल मिळाला की फोन कर, दोघी मिळून वाचू.