दगड झालेले शेण

मित्रांनो, दगड झालेले शेण तुम्ही कधी पाहिले आहे काय? मी पाहिले आहे. एवढेच नाही तर गोफणीने फेकलेसुद्धा आहे!

चंद्रपूर जिल्ह्यात, आमच्या वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचे गाव आहे. तिथल्या वावरात तांबड्या मातीत हे गोटे सापडतात. आमचे वावर त्या बाजूलाच आहे. गुरुजींनी वर्गात असा एक गोटा दाखवला आणि म्हणाले, "हे शेण आहे." सगळी मुले हसली. मी वास घेऊन पाहिला. काहीच वास नाही.

प्राण्याचे हाड दगड झाले की त्याला जीवाश्म म्हणतात. पण प्राणी मागे नुसती हाडेच ठेवत नाही. पाऊल, बीळ, घरटे, शेण हेही ठेवतो. त्याचा दगड झाला की तो खुणेचा जीवाश्म. हाडावरून प्राणी केवढा होता ते कळते. खुणेवरून तो काय करायचा ते कळते.

हे गोटे ज्या खडकात सापडतात त्याला लमेटा म्हणतात. जबलपूरजवळ नर्मदेवर लमेटा घाट आहे, त्यावरून हे नाव पडले. हा खडक सुमारे साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा इथे डायनोसॉर राहत. त्यांचे शेण चिखलात दबले, त्यात क्षार मुरले आणि त्याचा दगड झाला. मध्यप्रदेशात धार जिल्ह्यात याच खडकात डायनोसॉरची ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडली. ती माहिती २०२३ साली छापून आली.

आता खरी गंमत. गवताच्या पात्याने बोट कापते ना? कारण पात्यात गारेचे अगदी बारीक कण असतात. ते सडत नाहीत. लखनौच्या बीरबल साहनी संस्थेच्या डॉ. वंदना प्रसाद व त्यांच्या सोबत्यांनी पिसदुऱ्याच्या शेणात सूक्ष्मदर्शकाने तेच कण पाहिले. ही गोष्ट २००५ सालची. त्याआधी बरेच शास्त्रज्ञ म्हणत, डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतेच. आमच्या तालुक्यातल्या शेणाने ते खोटे ठरवले!

घरी आबाजींना सांगितले. ते म्हणाले, "गोट्यानं नांगराचा फाळ बोथट होते. म्हून आमी धुऱ्यावर फेकतो. शेन हाय हे कोनाले मालूम?" मला वाईट वाटले. ज्वारीवरची पाखरं हाकलताना मी असे किती गोटे फेकले! एकात काय लिहिलेले होते ते आता कोण वाचणार?

आता आबाजी आणि मी असे गोटे न फोडता धुऱ्याच्या एका कोपऱ्यात ठेवतो आणि गुरुजींना सांगतो. मित्रांनो, तुम्हीही फोडू नका. पालकांनाही माझी हीच विनंती आहे.

— इयत्ता ४ थी