मृग नक्षत्र : देवता सोम, स्वामी मंगळ

माझ्या भाचीला स्थळ आलं होतं. ‘मृग नक्षत्र मंगळाचं, म्हणजे मुलीला मंगळ आहे’, असं म्हणून समोरच्यांनी नकार कळवला. तेव्हापासून मी हा विषय नीट अभ्यासला.

नक्षत्रे २७, विंशोत्तरी दशेचे ग्रह ९. अश्विनीपासून क्रमाने मोजा : केतू, शुक्र, रवी, चंद्र, मंगळ, राहू, गुरू, शनी, बुध, मग पुन्हा केतू. मृग ५ वे, म्हणून स्वामी मंगळ. १४ वे चित्रा आणि २३ वे धनिष्ठाही त्याचीच. जन्मवेळी चंद्र मृगात असेल तर पहिली दशा मंगळाची, ७ वर्षांतली उरली असेल तेवढी. ‘मंगळ आहे’ हे मात्र तो कुंडलीत कोणत्या स्थानी बसलाय यावरून ठरतं. दोन्हींची गल्लत करू नये.

शिवाय मृगाची देवता सोम, म्हणजे चंद्र. पुराणांत तो अत्रि-अनसूयेचा पुत्र, आपल्या दत्तमहाराजांचा भाऊ! मार्गशीर्ष हे नावही याच नक्षत्रावरून पडलं.

दत्तजयंतीला पाळणा, आरती झाली की रात्री चिंचणीच्या किनाऱ्यावर या आणि समुद्राकडे पाठ करून पूर्वेला पाहा. पूर्ण चंद्राच्या आसपास ओळीतले तीन तारे दिसतील, तो मृगातला बाण. महाराजांच्या जन्मोत्सवाला चंद्र ज्याच्या जवळ असतो, त्या नक्षत्रावर जन्मलेल्या लेकीला भ्यायचं कशाला?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥