धारोष्ण दुधाचा आग्रह सोडा

1887 मध्ये कोलकाता बंदरातल्या ‘आर्डेनक्लुथा’ जहाजावर पटकी पसरली. शहराचे आरोग्याधिकारी डॉ. डब्ल्यू. जे. सिम्पसन यांनी कोण काय खाल्लं-प्यायलं याचा माग काढला. स्थानिक गवळ्याचं दूध दहा जणांनी घेतलं होतं. चार दगावले, पाच आजारी पडले. अगदी थोडं प्यायलेला एक तेवढा बचावला. दुधात मिसळलेलं पाणी ज्या तळ्यातलं होतं, त्यात पटकीच्या रोग्याची घाण उतरली होती.

‘आमचा गवळी पाणी घालत नाही, डोळ्यांसमोर धार काढतो,’ असं रुग्ण सांगतात. पण पाणी नसलं तरी दूध निर्धोक ठरत नाही. ब्रुसेलाचे आणि गाईच्या क्षयाचे जंतू गाईच्या अंगातूनच दुधात उतरतात, आणि अशी गाय वरून धडधाकट दिसू शकते. शेण, हात, बादली यांतून ई. कोलाय, साल्मोनेला मिसळतात ते वेगळेच. लॅक्टोमीटरला यातलं काहीच कळत नाही.

ब्रुसेलाचा ताप चढतो-उतरतो, घाम फुटतो, कंबर आणि सांधे आठवडेच्या आठवडे दुखतात. टायफॉईड समजून उपचार चालू राहतात. म्हणून लांबलेल्या तापात डॉक्टरांना कच्चं दूध प्यायल्याचं, गोठ्यात वावरल्याचं आपण होऊन सांगा. औषधं साधारण सहा आठवडे घ्यावी लागतात. मध्येच सोडली तर आजार उलटतो.

दूध घरी आलं की लगेच उकळा. ‘लगेच’ला फार महत्त्व आहे. तासन्‌तास बाहेर राहिलेल्या दुधात स्टॅफिलोकॉकस जंतू विष तयार करतात. मग उकळल्यावर जंतू मरतात, विष मात्र उरतं. फ्रिजवरही विसंबू नका. लिस्टेरिया थंडीत वाढतो आणि त्याने गर्भपात होऊ शकतो. उकळल्याने सत्त्व जातं ही भीती नको: काही जीवनसत्त्वं थोडी घटतात, प्रथिनं आणि कॅल्शियम टिकतात.

राहिलं पंचामृत. बहुतेक घरांत ते कच्च्या दुधाचंच असतं, आणि तळहातावरचं तीर्थ लहान मुलं, गरोदर सुना, म्हातारी माणसं सगळेच घेतात. पुढच्या पूजेपासून ते उकळून गार केलेल्या दुधाचं करा.