टाळूचे दार

मुलांनो, नाकाखाली थंड आरसा धरून ‘बाबा’ म्हणा. काच स्वच्छच राहते. ‘मामा’ म्हणताच तिच्यावर वाफ धरते. ओठ तर दोन्ही वेळा सारखेच मिटले. मग हा फरक कशाचा? टाळूचा मागील भाग मऊ असतो. ‘ब’ उच्चारताना तो वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो. ‘म’च्या वेळी ती उघडी ठेवतो. आपल्या वर्णमालेतील पाचही वर्गांचे शेवटचे अक्षर या उघड्या वाटेनेच उमटते.

काही बालकांची टाळू गर्भातच सांधायची राहते. मग तोंडात हवा कोंडत नाही. ती नाकावाटे निसटते. मूल बिचारे वडिलांना ‘बाबा’ म्हणू जाते, आणि ऐकणाऱ्यास ‘मामा’ असे ऐकू येते! लोक हसतात. वास्तविक हा दोष बुद्धीचा नव्हे, केवळ त्या दाराचा. कित्येकदा असे मूल हवा घशातच अडवून बोलू पाहते, व ती सवय पुढे सुटता सुटत नाही. म्हणून शस्त्रक्रिया बहुधा ९ ते १८ महिन्यांच्या वयात करतात. तरीही सांधलेली टाळू आखूड पडली, तर फट उरतेच. शिवाय जडलेली सवय टाक्यांनी जात नाही. तज्ज्ञापुढे बसून ‘प’, ‘ट’, ‘क’ ही अक्षरे महिनोन्महिने गिरवावी लागतात; पाटीवर नव्हे, तोंडात.