सुट्टी झाल्यानंतरचं काम

दारव्हा, दिग्रस, नेर, आर्णी या पट्ट्यात कुणाला लकवा मारला की घरचे हातातलं काम टाकून आधी गाडी शोधतात. दारव्ह्याचं उपजिल्हा रुग्णालय, तिथून यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, परिस्थिती असली तर नागपूर. जीव वाचतो, सुट्टी होते. सुट्टीच्या कागदावर शेवटच्या ओळीत लिहिलेलं असतं, ‘फिजिओथेरपी घ्यावी’. माणूस घरी येतो, बाजेवर निजतो आणि पुढे काय करायचं हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. पुन्हा पुन्हा यवतमाळला न्यायचं म्हणजे गाडीभाडं आलं, सोबत जाणाऱ्याची मजुरी बुडाली आणि कापूस वेचणीचे दिवस असले तर जाणार तरी कोण? दोन-चार फेऱ्या होतात आणि बंद पडतात. लकव्यातून सावरायचे सगळ्यांत मोलाचे दिवस म्हणजे पहिले तीन महिने. तेच असे अंथरुणात निघून जातात.

या दिवसांत घरी येऊन काम करणारा माणूस म्हणजे पुनर्वसन सहाय्यक. उपचार ठरवतात डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट. सहाय्यक तो घरी करून घेतो, घरच्यांना शिकवतो, नोंद ठेवतो आणि काही बिघडताना दिसलं तर वेळेत वर कळवतो. दहावी-बारावीच्या मुलामुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी या कामाचा मनापासून विचार करावा, असं मला वाटतं. आपल्या भागात त्याची गरज मोठी आहे. मात्र या नावाखाली कोर्सचा बाजारही बराच भरला आहे, त्यामुळे फी भरण्याआधी काय तपासायचं हेही इथे सांगतो.

आधी काम काय असतं ते जवळून बघू. उजवी बाजू गेलेले साठीचे एक शेतकरी आहेत असं समजा. घरात नवारीची बाज आहे, मधे खोल गेलेली. तीत निजलेल्या माणसाला कूस बदलता येत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी बाजेवर फळी टाकायची आणि वर गादी. मग उंची बघायची. काठावर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि उठताना जोरही लावता आला पाहिजे. बाज फार बुटकी असेल तर पायांखाली विटा द्यायच्या. पण त्या हलणार नाहीत अशा बसवायच्या, नाहीतर उपकाराचा अपकार व्हायचा. घरचे प्रेमापोटी लुळा हात धरून माणसाला ओढून उठवतात. त्याने खांदा निखळायला वेळ लागत नाही आणि पुढे महिनोन्महिने ठणका लागतो. हात न ओढता, कमरेला आधार देऊन कसं उठवायचं हे सुनेला आणि मुलाला स्वतः करून दाखवावं लागतं, मग त्यांच्याकडून करवून घ्यावं लागतं. जेवण निजून भरवायचं नाही, सरळ बसवूनच द्यायचं, कारण घास श्वासनलिकेत गेला तर छातीत संसर्ग होतो. काठी धड बाजूच्या हातात द्यायची. पायरी चढताना आधी धड पाय, उतरताना आधी अधू पाय. आणि जो माणूस अजून अंथरुणातच आहे, त्याची कूस दर दोन तासांनी बदलली जाते की नाही हे पाठीवरची, माकडहाडावरची कातडी बघूनच कळतं. ती लाल दिसली, तर त्याच दिवशी फोन करायचा.

यात मोठं यंत्र कुठेच नाही. लागतात ते नेमके हात, बारकाईची नजर आणि तीच गोष्ट न चिडता पुन्हा सांगायची तयारी.

दुसरं उदाहरण लहान बाळाचं घ्या. जन्मतः पाऊल आत वळलेलं असलं तर आज पोन्सेटी पद्धतीने, शस्त्रक्रियेचा मोठा घाट न घालता ते सरळ करता येतं. दर आठवड्याला प्लास्टर बदलायचं, असं काही आठवडे. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. बाळाला दोन बूट आणि मधे पट्टी असलेला ब्रेस पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास घालायचा असतो आणि पुढे चार वर्षांचं होईपर्यंत रात्री झोपताना. बाळ रडतं, आजी म्हणते काढून ठेव गं, आई काढून ठेवते. पाऊल पुन्हा वळतं. त्या घरी दर पंधरा दिवसांनी कुणी गेलं, बूट कुठे घासतो आहे ते बघितलं, मोजे नीट घालायला शिकवले आणि आजीलाही समजावलं, तर त्या पोराचं पुढचं आयुष्य बदलतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन अशी मुलं शोधतात, पण शोधल्यानंतरचा पाठपुरावा घराघरात जाऊनच करावा लागतो.

कुष्ठरोगाचंही तसंच. आनंदवन आणि अमरावतीचं तपोवन ज्या प्रदेशात उभं राहिलं, तिथे हा रोग अजून संपलेला नाही. औषधाने रोग बरा होतो, पण पायाची गेलेली संवेदना परत येत नाही. म्हणून रोज पाय साध्या पाण्यात भिजवायचे, जाड झालेली कातडी हळू घासायची, तेल लावायचं, मऊ रबराची (एमसीआरची) चप्पल घालायची आणि शेतातून आल्यावर तळवे तपासायचे. ही सवय लागली नाही तर जखम होते, ती हाडापर्यंत जाते आणि मग बोटं जातात.

कागदपत्रांचं कामही यातच मोडतं, आणि नव्या मुलांना त्याची कल्पना नसते. दिव्यांग प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, कुबड्या किंवा तीनचाकी मिळवायचं शिबिर. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले. त्यात थॅलेसेमिया आणि सिकलसेल आहेत, पार्किन्सनसुद्धा आहे. सिकलसेल विदर्भाला नवा नाही. आपलं मूल या यादीत बसतं, हे किती घरांना माहीत असेल? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक. तेव्हा जुनीच यादी होती, म्हणजे खरी संख्या याहून मोठी असणार.

पालक इथे विचारतात, की डॉक्टर नसलेल्या पोराने असं काम करणं बरोबर आहे का? याचं उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वीच दिलं आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं आणि गावातल्याच, बहुतेक अल्पशिक्षित बायकांना आरोग्यसेविका केलं. त्याच प्रकल्पात कृत्रिम पाय बनवण्याची कार्यशाळाही उभी राहिली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. बालमृत्यू किती घटले याचा त्यांचा निबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोन्ही ठिकाणी प्रशिक्षण कसून होतं, कामाची हद्द स्पष्ट होती आणि डोक्यावर डॉक्टरांची देखरेख होती. या तीन गोष्टी असतील, तर गावातली मुलगी हे काम उत्तम करते. नसतील, तर चांगल्या मनाची माणसंही रुग्णाचं नुकसान करून बसतात.

आता शिक्षणाकडे येऊ. इथे सगळ्यांत जास्त सावध राहा.

आपल्याकडे ‘पुनर्वसन सहाय्यक’ नावाची एकच पदवी किंवा एकच ठरलेली वाट नाही. वेगवेगळ्या दारांतून या कामात येता येतं. पहिलं दार भारतीय पुनर्वसन परिषदेचं, म्हणजे आरसीआयचं. १९९२ च्या कायद्याने ही परिषद चालते. समाजाधारित पुनर्वसन, विशेष शिक्षण, वाचा-श्रवण, कृत्रिम अवयव असे बरेच अभ्यासक्रम तिच्या मान्यतेखाली येतात. विशेष शिक्षणाचा डी.एड. बारावीनंतर दोन वर्षांचा असतो आणि कला शाखेच्या मुलांनाही करता येतो. २०२१ मध्ये परिषदेने मेलबर्न विद्यापीठाच्या साथीने समाजाधारित समावेशक विकासाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. तो पूर्ण करणाऱ्याला ‘दिव्यांग मित्र’ म्हणतात. गावपातळीवरच्या कामाला हा सर्वांत जवळचा आहे. मान्यताप्राप्त शिक्षण झालं की परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव चढतं आणि सीआरआर क्रमांक मिळतो. तो नसताना पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम केलं, तर कायद्यात एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे.

दुसरं दार आयटीआयचं. फिजिओथेरपी टेक्निशियन हा एक वर्षाचा ट्रेड राष्ट्रीय यादीत आहे. पण यादीत असणं आणि जवळच्या आयटीआयमध्ये चालू असणं यात फरक आहे, तेव्हा प्रवेशाच्या वर्षी पोर्टलवर खात्री करा. हा ट्रेड केलेला मुलगा फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली काम करतो. स्वतःचा दवाखाना थाटून पाटी लावायची मुभा त्याला नाही. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्यासाठी २००२ च्या कायद्याने वेगळी परिषद आहे. त्यांची पदवी साडेचार-पाच वर्षांची असते आणि आपल्याकडे तिचा प्रवेश ‘नीट’मधून होतो. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दोन्ही पदव्यांचं शिक्षण आहे, सावंगी मेघेलाही फिजिओथेरपीचं महाविद्यालय आहे.

अकोल्याला क्लाससाठी राहून एक-दोनदा ‘नीट’ दिलेल्या मुलांच्या पालकांना मी इथे मुद्दाम थांबवतो. एमबीबीएसला लागेल एवढे गुण पडले नाहीत, पण फिजिओथेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपी मिळण्याजोगे पडले असतील, तर आणखी एक वर्ष रिपीट करण्याआधी त्या पर्यायाकडे नीट बघा. आणि घरची ओढाताण असेल, मुलाला लवकर कमावतं व्हायचं असेल, तर लहान अभ्यासक्रमाने सुरुवात करण्यात कमीपणा काही नाही.

आता बाजाराविषयी. ‘सहा महिन्यांत फिजिओथेरपिस्ट, शंभर टक्के सरकारी नोकरी’ असे फलक बसस्टँडजवळ दिसले तर तिथे एक रुपयाही देऊ नका. २०२१ च्या राष्ट्रीय सहबद्ध आणि आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यानुसार सहबद्ध आरोग्य व्यावसायिक म्हणवून घ्यायला किमान २,००० तासांचं शिक्षण लागतं, तेही दोन ते चार वर्षांत विभागलेलं. संस्थेला तीन गोष्टी विचारा. मान्यता कोणत्या परिषदेची किंवा मंडळाची, आणि ती याच वर्षासाठी आहे का? प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात, किती आठवडे? पास झाल्यावर नोंदणी कुठे होते? मग संस्थेने दाखवलेल्या कागदावर न थांबता परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः नाव शोधा. हे मोबाईलवर जमतं, शेजारच्या कॉलेजातल्या पोराला सोबत बसवा.

नोकरीबद्दल खरं तेच सांगितलं पाहिजे. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या वृद्धांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर ‘रिहॅबिलिटेशन वर्कर’ धरलेला आहे. व्यायाम करून घेणं आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी जाणं त्याच्या कामात येतं. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांमध्येही वृद्धसेवा आणि उपशामक सेवा आहेत. पण कार्यक्रमात पद असलं म्हणजे तुमच्या तालुक्यात ते भरलेलं असेलच असं नाही. भरती बहुधा कंत्राटी, ठरावीक मानधनावर आणि मुदतीची असते. जिल्हा परिषदेच्या आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं लागतं. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेत विशेष शिक्षक लागतात, विशेष शाळांत लागतात, सामाजिक संस्थांत लागतात. फिजिओथेरपीच्या खाजगी दवाखान्यांत मदतनीस लागतात आणि तिथून घरभेटींचं काम मिळत जातं. सुरुवातीचं उत्पन्न बेताचं असतं. फक्त कायम सरकारी नोकरीच हवी असेल, तर या वाटेवर मन कष्टी होईल. ज्याला आपल्या गावाजवळ राहायचं आहे, शिकत-शिकत पुढे जायचं आहे, त्याच्यासाठी ही वाट चांगली आहे. विशेष शिक्षणाचा डी.एड. झाल्यावर पुढे पदवी आणि मग विशेष बी.एड. करता येतं.

मुलींच्या आया एक प्रश्न हमखास विचारतात, बहुधा आवाज खाली आणून. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावावा लागेल का? हो, लागेल. नर्सताई लावतात तसाच, घरच्यांच्या समोर, काय करणार ते आधी सांगून. चांगल्या प्रशिक्षणात हे शिकवलेलं असतं. एकटीने बंद घरात जायचं नाही, भेटीची वेळ आणि घर आधी कार्यालयात कळवलेलं असायचं, नको वाटलं तर तिथून निघून यायचं, हे नियम संस्थेत आहेत का ते आईने बिनधास्त विचारावं. मुलांच्या बाबतीत वेगळीच कुरकुर असते, की दुसऱ्याची शी-शू काढायला का शिकवलं? अशा घरांना मी एवढंच विचारतो, तुमच्याकडे आजोबा पडले तेव्हा गावात हे येणारं कोण होतं?

तांड्यावर वाढलेल्या, गोरमाटी बोलणाऱ्या मुलींना तर या कामात मोठी सोय आहे. दारव्हा-दिग्रस भागातल्या बंजारा वस्त्यांमध्ये जाऊन म्हाताऱ्या याडीला, म्हणजे आईला, तिच्याच बोलीत ‘पाय असा टेक’ सांगणारी मुलगी शहरातून आणता येत नाही.

अर्ज भरण्याआधी आणखी एक करा. यवतमाळच्या महाविद्यालयाच्या रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग कुठे आहे ते विचारा, परवानगी घ्या आणि मुलाला किंवा मुलीला तिथे निदान दोन सकाळी बसू द्या. पहिला दिवस कुतूहलात जातो. दुसऱ्या दिवशीही कंटाळा न येता रुग्णाशी बोलावंसं वाटलं, वास आणि कण्हणं सहन झालं, आणि घरी येऊन ‘त्या काकांनी आज दोन पावलं जास्त टाकली’ असं आपणहून सांगितलं, तर फीच्या चौकशीला लागा. तसं काही वाटलं नाही, तरी दोन सकाळीच गेल्या, वर्ष वाचलं. बीएस्सी, नर्सिंग, फार्मसी आहेतच.