लॅपटॉपची बॅटरी आणि वाय-फाय : पेढीवरचा खोळंबा कसा टाळावा?

कापडाच्या धंद्यात वही-चोपडीचे निम्मे काम आता लॅपटॉपवर गेले आहे. १ एप्रिल २०१८ पासून ५० हजारांहून अधिक किमतीचा माल राज्याबाहेर पाठवायचा तर गाडी हलण्यापूर्वी ई-वे बिल काढावे लागते. दोन लाखांच्या सुती कापडावर ५ टक्क्यांनी दहा हजार रुपये कर होतो. बिलाशिवाय गाडी अडवली गेली, तर मालकाने पुढे येऊन माल सोडवताना कराच्या दुप्पट, म्हणजे वीस हजार दंड भरण्याची पाळी येऊ शकते. संध्याकाळी गठाणी गाडीत चढल्या, ट्रान्सपोर्टवाला घाई करतो आहे आणि नेमकी वीज गेली, लॅपटॉप दहा मिनिटांत बंद पडला किंवा मागच्या गोदामात वाय-फाय पोहोचेना, अशी तक्रार भिवंडी-मालेगावच्या बाजारात आम्ही नेहमी ऐकतो. बिल मोबाइलवरही निघते हे खरे. पण पार्टीचा हिशेब, दर आणि चलन लॅपटॉपमध्ये अडकलेले असले म्हणजे मोबाइल हातात असूनही काम अडते.

बहुतेक लोक लगेच नवी बॅटरी किंवा नवा राउटर घ्यायला धावतात. आमचे म्हणणे असे की आधी माप घ्यावे. कोरा ताका धुतल्यावर आटतो, तशीच बॅटरीही वर्षागणिक आटते. किती आटली हे लॅपटॉप स्वतःच सांगतो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट नावाची काळी खिडकी उघडावी. इंग्रजीत पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी ही अक्षरे लिहून एक जागा सोडावी, मग उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला जोडून बॅटरीरिपोर्ट हा शब्द इंग्रजीत लिहावा. एंटर दाबताच अहवालाची फाइल तयार होते. तीत ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे कारखान्यातले माप आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आजचे माप. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर युक्त्या करण्यात वेळ घालवू नये, बॅटरी बदलावी. तो पाऊणच्या वर असेल तर दोष बॅटरीचा नसून खर्चाचा आहे.

हा खर्च वॅटमध्ये मोजतात. समजा बॅटरी ४५ वॅट-तासांची आहे आणि लॅपटॉप १५ वॅट खातो, तर तीन तास मिळतील. तोच खर्च ९ वॅटवर आणला तर पाच तास. हा हिशेब मुनीमालाही तोंडी करता येईल. साध्या कामात सर्वात मोठा खाणारा सहसा पडदा असतो. त्याचा उजेड निम्म्यावर आणला की फरक लगेच दिसतो. दुसरे खाणारे म्हणजे ब्राउझरमधली वीस-पंचवीस उघडी पाने आणि मागे गुपचूप चालणारी सॉफ्टवेअर. टास्क मॅनेजर उघडून कोण किती खाते ते पाहावे आणि नको ते बंद करावे. वाय-फाय बंद ठेवल्याने मात्र बचत थोडीच होते. पडदा झगमगता ठेवून वाय-फाय बंद करणे ही उलटी कंजुषी आहे.

बॅटरीचे आयुष्य कशाने घटते हेही समजून घ्यावे. ‘पूर्ण उतरवून मगच चार्ज करा’ हा सल्ला निकेल-कॅडमियम या जुन्या जातीच्या बॅटरीचा होता. १९९१ साली सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, आज लॅपटॉपमध्ये तीच असते. तिला वरचेवर शून्यावर नेणे हानिकारक आहे. त्याहून वाईट म्हणजे दिवसभर शंभर टक्के भरलेली ठेवून वर उष्णता देणे. पेढीवर लॅपटॉप सदा वायरला जोडलेला असतो, म्हणून आपल्या बॅटऱ्या वापराविना मरतात. लेनोवो, डेल, आसुस यांच्या अनेक मॉडेलमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवण्याची सोय असते, ती सुरू करावी. वीज जाण्याची दाट शक्यता असेल किंवा प्रवास असेल तेवढ्या दिवशी पूर्ण भरावी.

उष्णतेची आपल्या गावांत एक खास सबब आहे, ती म्हणजे कापसाचे तंतू. यंत्रमागाच्या शेडजवळचा लॅपटॉप वर्षभरात आतून गोधडी होतो. पंख्याची जाळी बंद होते, गरम हवा बाहेर पडत नाही आणि ती उष्णता बॅटरीलाही भोवते. लॅपटॉप बंद करून, वायर काढून, मऊ ब्रशने जाळी दर दोन-तीन महिन्यांनी साफ करावी. ब्लोअर मारायचा असेल तर पंखा काडीने अडवून धरावा, भरधाव फिरू देऊ नये. गादीवर, गठाणीवर किंवा कापडाच्या ढिगावर लॅपटॉप ठेवू नये, कारण खालची हवा कोंडते.

नवी बॅटरी घेताना उत्पादनाची तारीख पाहावी. लिथियमची बॅटरी डब्यात पडूनही म्हातारी होते, त्यामुळे स्वस्त मिळालेला जुना साठा हा फायदा नव्हे. जुनी बॅटरी फुगली, लॅपटॉपचे झाकण नीट बसेना किंवा टचपॅड वर उचलला गेला, तर तिचा वापर आणि चार्जिंग त्याच क्षणी थांबवावे. ती टोचू नये, दाबू नये, कचऱ्यात टाकू नये. कापडाच्या गोदामात तर ती एक रात्रही ठेवू नये, तिथे आग लागली तर काय उरेल हे सांगायला नको. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा विकणाऱ्याकडे किंवा कंपनीच्या सेवा केंद्रात चौकशी करावी.

आता वाय-फायकडे वळू. राउटर बहुधा दोन लहरी देतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिली भिंतीतून बऱ्यापैकी जाते पण संथ असते, दुसरी वेगवान पण भिंतीला लवकर हार मानते. मागच्या गोदामात पहिली वापरावी, गल्ल्यावर दुसरी. लोखंड मात्र दोन्ही लहरी परतवते. आपल्याकडे शटर, पत्रा, लोखंडी कपाट, बीमचे घोडे, माग, सगळेच लोखंड. आणि राउटर कुठे ठेवतात? चोरीच्या भीतीने तिजोरीमागे! तो उंचावर, उघड्यावर आणि जागेच्या मध्याच्या जवळ टांगावा. उभा अँटेना आजूबाजूला लहरी फेकतो, वर-खाली कमी. पोटमाळ्यावर काम असेल तर दोनपैकी एक अँटेना आडवा करून पाहावा.

बाजारपेठेत प्रत्येक गाळ्यात राउटर असतो आणि सगळे एकमेकांवर ओरडतात. २.४ मध्ये १, ६ आणि ११ हे चॅनेल एकमेकांत मिसळत नाहीत. यातले सर्वात मोकळे कोणते ते मोबाइलवरच्या वाय-फाय तपासणाऱ्या अ‍ॅपवरून पाहून तेच राउटरमध्ये ठरवावे. याला एक पैसा लागत नाही.

एक गोष्ट दोन्ही विषयांना जोडते. लॅपटॉपमध्ये बॅटरीवर असताना वायरलेस कार्डाची वीज कापणारी ‘पॉवर सेव्हिंग’ सेटिंग असते. ती कमाल बचतीवर असेल तर दूरच्या कोपऱ्यात जोडणी तुटते. अशा वेळी मधली पायरी ठेवावी. दुसरीकडे, सिग्नल कमजोर असला की कार्ड तोच मजकूर पुन्हा पुन्हा पाठवते आणि जास्त वेळ जागे राहते. म्हणजे राउटर नीट जागी लावल्याने थोडीफार बॅटरीही वाचते.

अंतर फार असेल तर लोक भिंतीतला रिपीटर आणतात. साधा रिपीटर एकाच लहरीवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग सुमारे निम्मा होतो. त्यापेक्षा गोदामापर्यंत नेटवर्कची केबल ओढून तिथे दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट बसवणे आम्हाला पसंत आहे. केबल एकदाच ओढावी लागते आणि ती लोखंडाला भीत नाही.

राहता राहिली वीज. वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण राउटर आणि फायबरचा डबा बंद पडतात, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. हे दोन्ही डबे बहुधा १२ व्होल्टचे असतात आणि त्यांची भूक किरकोळ असते. त्यांच्यासाठी छोटे यूपीएस मिळतात. विकत घेण्यापूर्वी दोन्ही अ‍ॅडाप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर कागदावर लिहून दुकानात न्यावे, आणि दुकानदाराकडून दोन्ही डबे एकाच यूपीएसवर चालवून दाखवण्याचा आग्रह धरावा.