अंधाराची बाजू कशी मांडावी?

लोकांना हवीशी वाटणारी गोष्ट पटवून देणे सोपे असते. प्रथमदर्शनी नकोशी वाटणाऱ्या गोष्टीची बाजू मांडताना मात्र वक्त्याची खरी कसोटी लागते. नैसर्गिक अंधाराचे जतन हा असाच एक विषय होय. गावात दिवे आले म्हणजे प्रगती झाली, ही भावना आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे आणि ती निराधारही नाही. अशा श्रोत्यांपुढे अंधाराचा कैवार घ्यावयाचा कसा?

अमेरिकन लेखक पॉल बोगार्ड यांनी डिसेंबर २०१२ मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ या दैनिकात लिहिलेला लेख या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. त्यांच्या युक्तिवादाचे चार टप्पे दिसतात.

पहिला टप्पा अनुभवाचा. मिनेसोटा राज्यातील तळ्याकाठच्या घरी, स्वतःचे हातही दिसू नयेत अशा काळोखात पाहिलेले तारे ते प्रारंभी आठवतात. वाचकालाही आपले बालपणीचे आकाश आठवते व काय हरवले याची जाणीव होते. आकडे त्यानंतर येतात.

दुसरा टप्पा प्रमाणाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीच्या कामाचा समावेश ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात केला. लेखक या वर्गीकरणाचा आधार घेतात. येथे सावधगिरी हवी. हा निष्कर्ष रात्रपाळीविषयी आहे, रस्त्यावरील दिव्यांविषयी नव्हे. प्रमाण जेवढे सांगते तेवढेच सांगावे. ताणलेले प्रमाण एका प्रश्नासरशी तुटते.

तिसरा टप्पा मूल्यांचा. निशाचर प्राणी, रात्री स्थलांतर करणारे पक्षी, व्हॅन गॉगचे तारांकित रात्रीचे चित्र यांचा उल्लेख करून प्रश्न केवळ आरोग्यापुरता राहत नाही, हे ते दाखवितात.

चौथा टप्पा उपायांचा. दिव्यांना आच्छादन घालणे, तसेच रात्री दोननंतर दुकाने व कार्यालयांतील दिवे मालविण्याचा पॅरिसचा निर्णय ही उदाहरणे ते देतात. फ्रान्समध्ये असा नियम जुलै २०१३ पासून अमलात आला. काम आवाक्यातले आहे असे दिसले, की श्रोता कृतीस तयार होतो.

आपल्या ग्रामसभेत मात्र आणखी एक पायरी आवश्यक आहे. साप-विंचवाचे भय आणि रात्री घराबाहेर पडणाऱ्या स्त्रियांची सुरक्षितता हे खरे आक्षेप आहेत. ते कोणी विचारण्यापूर्वी वक्त्याने स्वतःच मांडावेत. मग सांगावे की, मागणी दिवे काढण्याची नसून त्यांचा प्रकाश जमिनीकडे वळविण्याची आहे. आकाशात जाणारा प्रकाश वाट दाखवीत नाही; त्याचे वीजबिल मात्र ग्रामपंचायतीलाच भरावे लागते.

याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी लगतच्या गावांतील दिवे जमिनीकडे प्रकाश टाकतील असे बदलण्यात आले. गावे अंधारात गेली नाहीत, आकाश मात्र राखले गेले.

शिक्षकांनी हा विषय वर्गात वादविवादासाठी अवश्य घ्यावा. प्रत्येक विद्यार्थ्यास प्रथम विरुद्ध बाजू मांडावयास सांगावे. विरोधकाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडता आले, म्हणजे आपली बाजू निम्मी तयार झाली असे समजावे.